कुणाच्या शेतात जायचं यंदा?

मार्गशीर्ष निम्मा सरला की आमच्याकडं तूर कापायला येते, आणि तूर सकाळीच कापावी लागते. ऊन चढलं की वाळलेल्या शेंगा हात लागताच तडकतात. दाणे काळ्या रानाच्या भेगांत जातात, ते पुन्हा कुणाच्या हाती लागत नाहीत. म्हणून डोक्याला टॉवेल गुंडाळून, साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवून बाया उजाडायच्या आत मारुतीच्या पारापाशी जमतात. गावाची बातमी तिथं फुटते. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या बोअरची मोटर जळाली, कुणाच्या पोराला पुण्याहून रजा मिळाली. पण सगळ्यात महत्त्वाची बातमी तोंडानं कुणी सांगत नाही. टोळीत आज कोण नाही, एवढं बघितलं की ती कळते.

मी या गावात अंगणवाडी सेविका आहे. लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात, तेरणेच्या खोऱ्यातलं आमचं गाव. अंगणवाडी उघडायच्या आधी मी मुद्दाम पारावरून जाते. रोजची एखादी दिसली नाही तर आधी तिच्या घरी जायचं, मग अंगणवाडीकडं. सुगीत हातचा रोज कुणी हौसेनं बुडवत नाही. ती घरी आहे म्हणजे लेकरू तापलंय, नाहीतर सासू पडलीय, नाहीतर रात्री घरात काहीतरी झालंय. डॉक्टरकडं जायला पैसे आहेत का, सोबत कोण आहे, बाकीची लेकरं कुणाकडं ठेवायची, हे सगळं त्या दारात उभं राहून ठरतं. टोळीतल्या बाया संध्याकाळी परत येताना तिच्या घरावरून येतात आणि निघताना विचारतात, “उद्या यायलाव ना? का दुसरीला सांगू?” या प्रश्नात काळजी असते आणि कामाचा हिशोबही. दोन्ही एकत्र असल्याशिवाय आमच्याकडचा हिवाळा चालत नाही.

शहरातले लोक खेड्याच्या शेजाराबद्दल बोलतात तेव्हा शेकोटी, हुरडा आणि गप्पा एवढंच त्यांच्या डोळ्यांसमोर असतं. शेकोटी आहे, गप्पाही आहेत. पण हिवाळा हा आमच्याकडं कामाचा मोसम आहे. तूर काढायची, हरभऱ्याला पाणी द्यायचं, ऊस कारखान्याला घालायचा, ज्वारी राखायची. माणूस माणसाला लागतो तो याच दिवसांत, आणि म्हणून याच दिवसांत माणूस माणसाची खबर ठेवतो.

रात्रीच्या लाईटीचंच बघा. शेतीच्या मोटारींना एक आठवडा दिवसा वीज, एक आठवडा रात्री, असं चक्र कित्येक वर्षं चाललेलं आहे. रात्रीची पाळी आली की थंडी दहा अंशांवर उतरलेली असली तरी दारं धरायला जावंच लागतं. गुडघाभर गार पाण्यात, हातात बॅटरी, पायात फाटके बूट. एकट्यानं जायचं नाही, हा अलिखित नियम. शेजारच्या बांधावरचा माणूस असेल तर दोघं मिळून जातात, एकाचं रान भिजेपर्यंत दुसरा बांधावर शेकोटी धरून बसतो. हरणं आणि रानडुकरं हरभऱ्यात घुसतात, त्यांना हाकलायचं कामही तोच करतो. कुठल्या बाईचा नवरा आज कुणाबरोबर रानात गेलाय, हे गल्लीतल्या बायांना ठाऊक असतं. पहाटे चारला तो परतला नाही तर कुणाचं दार वाजवायचं, हेही ठाऊक असतं. दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनीची योजना 2017 साली आली. जिथं तिचे खांब पोचले तिथली माणसं आता रात्री घरी झोपतात. सगळीकडं ते लवकर व्हावं, असं मला मनापासून वाटतं. ही सोबत मोलाची आहे, पण ती गार पाण्यात उभं राहून कमवायला लागू नये.

आमचं गाव आता आहे तिथं पूर्वी नव्हतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बुडवून लोक नुकते झोपले होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, अशी घरं. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. तीच अंगावर आली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांत हजारो माणसं गेली. मी तेव्हा नव्यानं नांदायला आलेली सून होते.

पुढं 52 गावं नव्या जागी वसवली, त्यांत आमचंही. घर किती मोठं मिळणार हे जमिनीवरून ठरलं. भूमिहीन आणि थोड्या जमिनीच्या कुटुंबाला 250 चौरस फुटांचं, मधल्याला 400 चं, मोठ्या शेतकऱ्याला 750 चं. रस्ते रुंद, सरळ, प्लॉट ऐसपैस. घरं भूकंपाला टिकतील अशी, आणि त्याबद्दल कृतज्ञताच आहे. पण जुन्या गावठाणात घराला घर लागून होतं. एका घरात लेकरू रडलं की तीन घरांत ऐकू जायचं, फोडणीच्या वासावरून कुणाकडं पाहुणे आलेत ते कळायचं. नव्या गावात माझ्या शेजारणीचं दार माझ्या हाकेच्या पल्याड गेलं. जुन्या गल्लीतल्या काही घरांना गावाच्या दुसऱ्या टोकाला प्लॉट आले. ज्या म्हाताऱ्या एकमेकींच्या ओट्यावर दिवस काढायच्या, त्यांना भेटायला रस्ता ओलांडून, ऊन बघून, काठी घेऊन निघावं लागायचं. पहिली काही वर्षं गावात काय चाललंय ते गावालाच कळेना. आजारपण उशिरा कळायचं. एका बाळंतिणीचं दुखणं वाढलेलं दोन दिवस कुणाच्या कानावर आलं नव्हतं, ती वाचली एवढंच. त्यानंतर मी अंगणवाडीत लागले तेव्हा घरभेटींचं काम मला कागदावरचं वाटलंच नाही. भिंती लांब गेल्या होत्या, पाय चालवणं भाग होतं.

तेव्हापासून आजपर्यंत गावाला एकत्र बांधून ठेवणारी जी गोष्ट मी बघितलीय ती म्हणजे येळवस. पंचांगात मार्गशीर्ष अमावास्या, वर्तमानपत्रात वेळामावस्या. लातूर, धाराशिव, सोलापूरचा काही भाग आणि सीमेपलीकडं बिदर-कलबुर्गीकडचा मुलूख, एवढ्या पट्ट्यात हा सण जसा होतो तसा इतर कुठं होत नाही. पुण्या-मुंबईच्या बऱ्याच मराठी माणसांना तो ऐकूनही माहीत नसतो, याचं मला नवल वाटतं. आमच्याकडं तो दिवाळीच्या तोडीचा आहे. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात. लातूरची बाजारपेठ बंद असते, आडतीवर काटा हलत नाही, रस्ते ओस पडतात. सगळं शहर रानात गेलेलं असतं. चांद्र महिन्याचा हिशोब असल्यामुळं तारीख पुढं-मागं होते. 2024 साली तर ती दोनदा आली, 11 जानेवारीला आणि पुन्हा 30 डिसेंबरला.

सणाची तयारी ताकापासून सुरू होते. त्या दिवशीचं मुख्य पेय म्हणजे अंबिल. ज्वारीचं पीठ पाण्यात शिजवून गार करायचं, त्यात भरपूर ताक, मीठ, ठेचलेला लसूण, जिरं, कोथिंबीर घालून रात्रभर मातीच्या भांड्यात ठेवायचं. सकाळी त्याला अशी आंबूस चव येते की उन्हात दोन पेले प्यालं की पोटापासून गार वाटतं. एका घराला घागरभर अंबिल लागतं, आणि तेवढं ताक प्रत्येकाच्या घरी कुठून येणार? म्हशी आता मोजक्याच दारात राहिल्यात, दूध डेअरीला जातं. पण ताक विकायचं नसतं, हा आमच्याकडचा दंडक. अमावास्येच्या दोन-तीन दिवस आधी ज्यांच्याकडं दुभतं आहे त्यांच्या दारी तांबे, किटल्या, बाटल्या घेऊन लेकरांची रांग लागते. मालकीण सगळ्यांना वाटून देते. यंदा कुणाचं ताक कुणाकडं गेलं यावरून गावाचे संबंध वाचता येतात. बांधावरून भांडण झालेल्या दोन घरांत ताकाचा तांब्या गेला तर समजायचं, मिटलं. मी असे दोन-तीन तांबे जाताना बघितलेत. त्या वादांत तंटामुक्तीच्या बैठका होऊनही काही हललं नव्हतं.

मग भज्जी. ही भाजी पाहुण्यांना समजावून सांगताना माझी तारांबळ उडते, कारण ती एका भाजीची नसते. हिरवी तूर, वालाच्या शेंगा, वाटाणा, हरभऱ्याचे सोलाणे, ओले शेंगदाणे, मेथी, चुका, कांद्याची पात, जे जे त्या दिवसांत रानात हिरवं आहे ते सगळं एका पातेल्यात. त्याला बेसन, चिंचेचा कोळ आणि लसूण-मिरचीचा ठेचा. सोबत बाजरीचे उंडे, म्हणजे पिठाचे वाफवलेले गोळे. तिळाची आणि शेंगदाण्याची पोळी, गव्हाची खीर, भाकरी, धपाटे, वांग्याचं भरीत, आंबट भात. बाया आदल्या रात्री चुलीपुढं बसतात त्या पहाटेच उठतात. भज्जीच्या शेंगा एकटीनं सोलून होत नाहीत. चार घरच्या बाया एका ओसरीत बसून सोलतात, त्या रात्री जे बोललं जातं ते वर्षभर पुरतं. कुठल्या मुलीचं जमत आलंय, कुणाच्या लेकीला सासरी त्रास आहे, कुणाचा नवरा पुन्हा प्यायला लागलाय. मी गप्प बसून शेंगा सोलते आणि ऐकते. माझ्या कामातल्या कितीतरी अवघड गोष्टींचं पहिलं टोक मला अशाच रात्री हाती लागलंय. अल्पवयीन मुलीचं लग्न ठरतंय, हे सरकारी बैठकीत कुणी सांगत नाही. शेंगा सोलताना सांगतात, तेही तिची आईच सांगते, मान खाली घालून, कुणीतरी अडवावं म्हणून.

सकाळी डोक्यावर अंबिलाची घागर आणि जेवणाच्या पाट्या घेऊन सगळे रानात निघतात. बैलगाड्या थोड्या राहिल्यात, बाकी ट्रॅक्टर, मोटारसायकली. शेतात कडब्याच्या पाच पेंढ्यांची कोप करतात. आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडतात, लक्ष्मीची पूजा होते, कोपीवर नवी शाल पांघरतात. घरधनी पिकातून फिरत चहूकडं अंबिल शिंपडतो. कुठं कुठं गोवऱ्यांच्या जाळावर छोट्या मडक्यात दूध ठेवतात आणि ते कुठल्या अंगाला उतू जातं यावरून पुढच्या सालाचा अंदाज बांधतात. संध्याकाळी गवता-कडब्याचा हेंडगा पेटवून पोरं पिकाभोवती पळतात. पूजेचे बारकावे घरागणिक वेगळे. एक गोष्ट मात्र सगळीकडं सारखी: आपल्या घरच्यांनीच बसून जेवायचं नाही. बांधावरून जाणाऱ्याला हाक मारायची, थांबवायचं, पेलाभर अंबिल तरी पाजायचं. आणि आधीपासून आमंत्रणं द्यायची. ज्याला शेत नाही त्याला तर आवर्जून.

म्हणूनच अमावास्या आठवड्यावर आली की गावात एकच प्रश्न फिरतो. यंदा तुम्ही कुणाच्या शेतात? शिक्षक, डेअरीवाला, पोस्टमन, पिठाच्या गिरणीवाला, भाड्यानं राहणारा दवाखान्यातला कंपाउंडर, सगळ्यांना हा प्रश्न विचारला जातो. दोन-तीन शेतांचं आमंत्रण असलेला माणूस थोडं थोडं खात बांधाबांधानं फिरतो. त्या फिरण्यात गावाची शिवारं बघून होतात. कुणाच्या हरभऱ्यावर घाटेअळी पडलीय, कुणाची विहीर तळाला गेलीय, कुणी ज्वारी पेरलीच नाही. कर्जाच्या ओझ्यानं खचलेला माणूस घरी लपवेल, पण त्याचं रान लपवत नाही. आमच्या भागात शेतकऱ्यांच्या आत्महत्या झाल्यात. येळवशीच्या दिवशी मी बघत असते, कोण मनमोकळं जेवतोय आणि कोण कोपीमागं एकटा बसलाय. नंतर त्याच्या घरी जाऊन बायकोशी बोलते.

आमंत्रण सगळ्यांना असतं असं मी वर म्हटलं, ते आजचं. पूर्वीची गोष्ट खरी सांगायला हवी. मी सून म्हणून आले तेव्हा गावकुसाबाहेरच्या घरांतली माणसं शेतावर यायची. वर्षभर त्या रानात राबलेली असायची ती. पण त्यांचं पान वेगळं पडायचं. बांधापलीकडं बसून खायचं, किंवा भांड्यात घेऊन घरी न्यायचं. “सगळं गाव एका पंगतीत” असं म्हणणाऱ्यांना ती पंगत तेव्हा खटकत नव्हती. 1994 च्या जानेवारीत, भूकंपानंतरच्या पहिल्या येळवशीला, ते पहिल्यांदा मोडलं. सगळे पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते, बऱ्याच घरांत माती झालेली, सण करायचा का यावरच वाद होता. शेवटी जुन्या बायांनी ठरवलं, सगळ्या गावाची मिळून एकच कोप करायची. भांडी कुणाची कुठली हे कुणाला सांगता येत नव्हतं, ढिगाऱ्यातून निघालेली ती. एकाच घागरीतलं अंबिल सगळ्यांनी घेतलं, एकाच पेल्यानं. पुढच्या वर्षी काही घरांनी पुन्हा जुनं सुरू केलं. काहींनी केलं नाही, आणि मग हळूहळू ते न करणारेच जास्त झाले. आज बांधापलीकडं कुणी बसत नाही. पण आमंत्रण द्यायला स्वतः घरी जाणारे किती आणि “सांगा त्यांना, या म्हणावं” असा निरोप धाडणारे किती, हे मी अजून बघते. घरी जाऊन बोलावणं आणि निरोप धाडणं यांत फरक आहे, आणि ज्याला निरोप मिळतो त्याला तो कळतो.

अलीकडं एक नवी अडचण झालीय. कोपीला कडबाच मिळत नाही. माझ्या लग्नाच्या वेळी थंडीत गावाभोवती नजर जाईल तिथं ज्वारी असायची. आता सोयाबीन. ते जूनमध्ये पेरलं की दसऱ्याच्या सुमाराला निघतं, मग त्याच रानात हरभरा बसतो. लातूरला सोयाबीनची मोठी बाजारपेठ, तेलाचे कारखाने, पैसा लगेच हातात. ज्वारीचं तसं नाही. ती काढायला बाया-माणसं लागतात, मुळासकट उपटायची, बांधायची, कणसं मोडायची. पाखरं राखायला माळ्यावर माणूस बसवायचा. एवढं करून भाव बेताचा. त्यामुळं ज्वारी घरच्या भाकरीपुरती राहिली आणि जनावरं कमी झाली म्हणून कडब्याचीही गरज सरली. परवडत नाही म्हणणाऱ्या शेतकऱ्याशी मी वाद घालणार नाही. पण ज्वारीबरोबर पाखरं राखायला माळ्यावर बसणारी पोरं गेली, हुरडा भाजायला जमणारी माणसं गेली, एकमेकांची ज्वारी काढायला इर्जिकीनं जाणं गेलं. इर्जिक म्हणजे आज सगळ्यांनी तुमच्या रानात, उद्या माझ्या, मजुरी नाही, फक्त जेवण. सोयाबीनला मळणीयंत्र येतं, काम दिवसात उरकतं, कुणाला बोलवावं लागत नाही. येळवशीला आता दोन-चार पेंढ्यांसाठी ज्वारीवाल्याचं घर गाठावं लागतं. ते लोक देतात, पैसे घेत नाहीत. पण पुढच्या दहा वर्षांत द्यायला कुणाकडं असेल, याची मला काळजी आहे. गावानं मिळून एखादा एकर तरी ज्वारीला ठेवावा, असं मी ग्रामसभेत मांडलंय.

सण एक दिवसाचा. अंगणवाडीच्या नजरेनं हिवाळा मात्र खोकल्याचा, न्यूमोनियाचा आणि वजन घटण्याचा. आई उजाडायच्या आत तुरीला जाते, लेकरू आजीजवळ असतं, आजीला धड दिसत नाही. लेकरू शिळ्या भाकरीवर दुपार काढतं. दर महिन्याला वजनकाट्यावर लेकरं घेते तेव्हा डिसेंबर-जानेवारीत काहींचा आकडा जागचा हलत नाही. बाळंतिणीच्या खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची आणि खोलीची दारं-खिडक्या बंद करायच्या, ही पद्धत अजून आहे. धूर दिसत नाही म्हणून काही होत नाही असं वाटतं. पण कोंडलेल्या निखाऱ्यांतून जो वायू निघतो त्याला वास नसतो, आणि तो झोपेत जीव घेतो. मी शेगडी बाहेर काढायला लावते. ऊब हवी तर बाळाला कुंची-मोजे घालून आईच्या उघड्या छातीशी धरा, वरून दोघांवर पांघरूण घाला. आज्यांना ते आधी पटत नाही. शेजारच्या घरातलं बाळ तसं वाढलेलं दाखवलं की पटतं. डिंकाचे लाडू, अळीवाची खीर हे मात्र मी कधी थांबवत नाही. उलट ज्या घरात खोबरं-खारीक परवडत नाही तिथं गल्लीतल्या बाया वाटी-वाटी गोळा करून देतात. कुणाच्या घरी बाळंतीण आहे ही खबर त्यासाठी वेळेवर लागते.

एका हिवाळ्यात तर हे सगळं बायांनी माझ्याविना सांभाळलं. 4 डिसेंबर 2023 ला राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी मानधनवाढीसाठी संप सुरू केला. तो जानेवारीच्या शेवटापर्यंत चालला, म्हणजे त्या सालची येळवस संपातच आली. अंगणवाडीला कुलूप, मी मोर्च्याला. त्या दिवसांत गावातल्या बायांनी माझं काम एकमेकींत वाटून घेतलं होतं. कुणी लेकरांना ओसरीत बसवायची, कुणी गरोदर पोरीला तपासणीला न्यायची. संप कशासाठी आहे हे त्यांनी मला खोदून विचारलं आणि आमच्या मागण्या मान्य व्हाव्यात म्हणून तालुक्याच्या मोर्च्याला चौघी माझ्यासोबत आल्या, तुरीचा रोज सोडून.

हिवाळ्याच्या याच दिवसांत दरवर्षी गावाच्या कडेला ऊसतोड कामगारांच्या टोळ्या उतरलेल्या असतात. मांजरा पट्ट्यातले कारखाने सुरू झाले की ट्रकभर संसार येतो. पाचट आणि ताडपत्रीच्या खोप्या, थंडीत जमिनीवर झोप, पहाटे अंधारात फडावर. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल फेडायची असते म्हणून बाई आजारी पडली तरी खाडा करता येत नाही. त्यांच्या लेकरांना आमच्या अंगणवाडीत आहार देता येतो, नियमात बसतं. पण त्यांनी स्वतः येऊन सांगावं अशी वाट बघितली तर ती येत नाहीत. त्यांना कुणी आमंत्रण द्यायचं, हा प्रश्न गावात पूर्वी निघतच नसे. ती गावची माणसं नव्हेत, असंच धरलेलं.

दोन सालांमागं माझ्या चुलत जावेनं अमावास्येच्या आदल्या दिवशी खोप्यांवर जाऊन सांगितलं, “उद्या जेवायला आमच्या रानात या, लेकरांसकट.” मुकादम फड सोडायला तयार नव्हता. ती त्याच्याशी बोलली आणि दुपारी जेवणापुरती सुट्टी घेऊन आली. बीड जिल्ह्यातली माणसं ती, येळवस त्यांनी कधी बघितलेली नव्हती. लेकरं कोपीत डोकावून बघत होती, एक म्हातारी अंबिलाचा तिसरा पेला मागून घेत होती. त्यांतल्या एका लेकराचा दंड मी सहज बघितला, हाताला लागत नव्हता. दुसऱ्या दिवसापासून ते अंगणवाडीत जेवायला यायला लागलं. त्याच सकाळी जावेच्या गोठ्यापुढं उसाच्या हिरव्या वाढ्यांची मोठी मोळी पडलेली होती, म्हशीसाठी. वाढं विकून त्यांना चार पैसे मिळतात, तरी त्यांनी ते असं आणून टाकलं. जाऊ काही बोलली नाही, पण ऊस संपून टोळी परत जाईपर्यंत तिच्या घरचं ताक रोज खोप्यांवर जात राहिलं.